तपासणीच्या दिवशी आलेली चार मुलं

दर शनिवारी दुपारी सुनेच्या फोनवर सईच्या वर्गशिक्षिकेचा निरोप येतो. सई माझी नात, दुसरीत आहे. निरोपाचे दोन भाग असतात. या आठवड्यात आपण काय शिकलो, आणि पुढच्या आठवड्यात काय काय करणार आहोत. सून आणि मुलगा दोघंही कामावर, त्यात मुलाची कंपनीतली शिफ्ट दर आठवड्याला बदलते. म्हणून तो निरोप वाचून सईची तयारी करून देण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. छत्तीस वर्षं प्राथमिक शिक्षक होतो, तेव्हा घरात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

मार्च संपता संपता आलेला निरोप असा होता. जोडाक्षरांचं वाचन झालं. हातच्याच्या बेरजा झाल्या. ओल्या कापसात रुजत घातलेल्या वालांना मोड आले. पुढच्या आठवड्यात सोमवारी वाटीभर धान्य आणावं, तराजूवर वजन करायचं आहे. बुधवारी पानांचे ठसे. आणि शुक्रवारी, परीक्षेच्या आधी, आजी-आजोबांचा तास. विषय, ‘माझी शाळा’.

सई म्हणाली, "आजोबा, तुम्हीच यायचं. तुम्ही तर खरे गुरुजी होतात."

मी हो म्हटलं, आणि मग बराच वेळ खिडकीशी उभा राहिलो. रोह्यातलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. सगळ्या खिडक्यांना जाळ्या, गॅलरीला जाळी, दाराबाहेर आणखी एक लोखंडी दार. दुपारी उन्हाने भिंती तापतात आणि ती ऊब आतच फिरत राहते. अशा दुपारी मला पंखा सुरू असतानाही श्वास पुरत नाही. डॉक्टर म्हणतात, छातीत काही नाही. मलाही माहीत आहे की छातीत काही नाही.

परीक्षेचा हंगाम म्हटला की लोकांना आंब्याचा मोहोर, कैऱ्या, संपत आलेली पाठ्यपुस्तकं आठवतात. मला मीठ आठवतं. पेण तालुक्यात खाडीच्या काठी एका गावात मी आठ वर्षं शिकवलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चूक गावाची नव्हती. शाळेच्या मागे बांध, बांधापलीकडे मिठागरं. दिवाळी झाली की तिथे काम सुरू व्हायचं आणि पावसाच्या तोंडावर थांबायचं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, वाट बंद करायची, एका खणातून दुसऱ्या खणात सोडायचं, आणि उन्हात ठेवायचं. पाणी उडून जातं आणि मीठ खाली राहतं. मार्च-एप्रिलमध्ये बांधावर पांढऱ्या राशी उभ्या राहायच्या. त्यांच्याकडे पाहताना डोळे बारीक करावे लागत. फळ्याकडे वळलो की काळ्या फळ्यावरही काही क्षण पांढरंच दिसायचं.

मीठ ओढणाऱ्या घरांतली मुलं हंगामभर आईबापांबरोबर मिठागरावरच्या खोपटांत राहायची. शाळेत यायची ती जून ते दिवाळी. पण पटावर त्यांची नावं होती, आणि पट कमी झाला तर आमच्या दोन शिक्षकांतला एक उचलला जाणार होता. दोघांत नंतर आलेला मी होतो, म्हणजे मीच. माझं लग्न नुकतंच झालेलं, पेणला भाड्याची खोली घेतलेली. मी त्या मुलांच्या नावांपुढे रोज हजेरी लावत गेलो. आमच्यात तेव्हा हे कुणी फार मोठं पाप समजत नसे. मलाही तसं वाटलं नाही. मी अधूनमधून मिठागरावर जाऊन आयांना सांगायचो, "पोरांना शाळेत पाठवा." त्या हसून म्हणायच्या, "पाठवतो ना गुरुजी. आवशीला पाठवतो, त्या दिवशी कामाला सुट्टी असते."

आवस म्हणजे अमावास्या. त्या दिवशी मिठागरावर खाडा असे. हे मला आठ वर्षांत चांगलं ठाऊक झालेलं होतं.

एप्रिलमध्ये वार्षिक तपासणीचं पत्र आलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात तारीख पाहिली, वार पाहिला, सकाळची शाळा आहे हे पाहिलं. तारखेखालची तिथी पाहिली नाही. खाडीकाठच्या गावात राहून तिथी न पाहणारा माणूस एकतर परका असतो, नाहीतर कागदात बुडालेला. मी कागदात बुडालेला होतो. टिपणवही, पाठनियोजन, तक्ते. दुसरीच्या मुलांकडून एक धडा इतक्या वेळा वाचून घेतला होता की पुस्तक उलटं धरलं तरी त्यांनी वाचला असता.

तपासणीच्या दिवशी सकाळी सात वाजता शाळेचं कुलूप काढायला गेलो, तर पायरीवर चार मुलं बसलेली. डोक्याला तेल, केस चापून बसवलेले, पायांवर मात्र मिठाचे पांढरे ओघळ. मोठी होती ती कुंदा, आठ वर्षांची, दुसरीत. बाकी तिघं पहिलीतली, त्यांतली एक कुंदाचीच धाकटी बहीण, बेबी.

कुंदा म्हणाली, "गुरुजी, आज आवस हाय. आमी आलू."

हंगामभर मी ज्यांना बोलावत होतो ती मुलं त्या एका सकाळी आली. हजेरीप्रमाणे ती वर्षभर येतच होती. साहेबांनी कुंदाला उभं करून पुस्तक हातात दिलं असतं, तर तिला नाव लिहिण्यापलीकडे काही येत नव्हतं. मग त्यांनी हजेरी उघडली असती.

सोबतचे शिक्षक रजेवर होते. बाकीची मुलं अजून यायची होती. शाळेला लागून पत्र्याच्या छपराची एक लहान खोली होती. महिन्याला मुलांना वाटायचे तांदूळ, मोडके बाक, झेंड्याचा खांब असं सामान तिथे असे. मी चौघांना तिथे नेलं. म्हटलं, "आज साहेब येणार आहेत. तुम्ही इथे बसायचं. मी येईपर्यंत आवाज करायचा नाही. कुणीही हाक मारली तरी ओ द्यायची नाही. कळलं का, कुंदा? तू मोठी आहेस."

"व्हय, गुरुजी."

बेबीने विचारलं, "खेल हाय काय?"

मी म्हटलं, "हो, खेळ आहे."

आणि बाहेरून कुलूप लावलं. आत पाणी ठेवायचं मला सुचलं नाही. दोन-तीन तासांचा प्रश्न आहे असं वाटलं.

तपासणी उत्तम झाली. मुलांनी धडा वाचला, पाढे म्हटले, प्रार्थना सुरात म्हटली. साहेब स्वभावाने बरे होते. जाता जाता त्या खोलीकडे बोट करून म्हणाले, "इथे काय?" मी म्हटलं, "तांदळाची पोती." पोती होतीच. साडेअकरा झाले होते. मुलं घरी गेली. मी किल्लीसाठी खिशात हात घातला, तेवढ्यात साहेब जीपमध्ये बसून म्हणाले, "चला गुरुजी, वडखळपर्यंत. तिथे बसून शेरा लिहून देतो, चहाही घेऊ. तुमचा वर्ग छान आहे."

इथवरची गोष्ट मी आजपर्यंत दोनदा कुणाकुणाला सांगितली आहे. एकदा बायकोला, एकदा निवृत्तीनंतर एका जुन्या सहकाऱ्याला. दोन्ही वेळा पुढे सांगितलं की तपासणीच्या गडबडीत मी मुलांना विसरलो. बायको म्हणाली, होतं असं माणसाकडून. सहकारी म्हणाला, तुमच्या जागी कोणीही असतं तरी विसरलं असतं. त्या दोघांच्या समजूतदारपणावर मी बरीच वर्षं काढली.

मी विसरलो नव्हतो.

जीप बांधावरून निघाली तेव्हा किल्ली माझ्या डाव्या खिशात होती आणि मांडीला टोचत होती. मी मागे वळून त्या दाराकडे पाहिलं. तोंडाशी शब्द आले होते, साहेब, एक मिनिट, खोलीत मुलं आहेत. पण त्या एका वाक्यामागून वर्षभराची हजेरी बाहेर येणार होती. मी म्हटलं, रस्त्याला लागल्यावर काहीतरी निमित्त काढून उतरू. रस्त्याला लागलो. म्हटलं, वडखळला पोचल्यावर लगेच निघू. वडखळच्या नाक्यावर साहेबांनी चहा मागवला, मग मिसळ मागवली. शेरा लिहायला घेतला आणि एकेका शब्दावर थांबू लागले. मी समोर बसून हसत होतो. हॉटेलाला चारी बाजूंनी उघडी हवा होती, रस्त्यावरून गाड्या मोकळ्या धावत होत्या, मला कुणी बांधून ठेवलेलं नव्हतं. तरी मी उठलो नाही. त्यानंतर वडखळवरून किती वेळा गेलो असेन, आता नाका ओळखू येणार नाही इतका बदलला आहे, पण एसटी तिथे आली की मी अजूनही समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसतो.

परतलो तेव्हा साडेतीन झाले होते. बांधावर सगळं गाव होतं. पोरं घरी आली नाहीत म्हणून बारा वाजल्यापासून शोध सुरू होता. शाळेपाशी येऊन लोकांनी हाका मारल्या होत्या, आणि शाळेचं, खोलीचं अशी दोन्ही कुलपं पाहून ते परत गेले होते. अमावास्येचं उधाण, भरदुपारची भरती. पोरं खाडीवर गेली असणार असं धरून कुंदाचा बाप पाण्यात उतरला होता. खडकांवरच्या कालवांच्या धारदार शिंपल्यांनी त्याचा उजवा तळवा टाचेपर्यंत फाटला होता. तो बांधावर बसून पाय धरून होता आणि तरी पाण्याकडेच पाहत होता.

कुंदाची आई, हिराबाई, माझ्याकडे धावत आली. "गुरुजी, पोरी बघितल्याव काय वो?"

मी सरळ त्या खोलीकडे गेलो. कुलूप काढलं. आतून भट्टीसारखी वाफ आली. कुंदा पोत्याला टेकून बसली होती, तिच्या मांडीवर तिघांची डोकी. बेबीचे ओठ पांढरे पडले होते. मला पाहून कुंदा उठली, ताठ उभी राहिली आणि काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं.

मी तिच्या आधी बोललो. मोठ्याने बोललो, मागे उभ्या असलेल्या माणसांना ऐकू जाईल असं. "लपंडाव खेळत इथे येऊन बसलात होय? आणि मी न बघता कुलूप लावून गेलो."

कुंदाने तोंड मिटलं.

हिराबाईने तिला ओढून बाहेर काढलं आणि सगळ्यांदेखत डाव्या गालावर मारलं. "आमी गला फाडून हाका मारताव, तवा तोंड शिवलं व्हतं काय तुजं? बाप मरत व्हता पान्यात." कुंदा मार खात माझ्याकडे पाहत होती. मला वाटलं, आता सांगेल. तिने सांगितलं नाही. मी तिला सकाळी आवाज करायचा नाही असं सांगितलं होतं, आणि पुरे झालं असं काही अजून सांगितलं नव्हतं.

बापाचा पाय चिघळला. दोन हंगाम तो मिठागरावर उतरू शकला नाही. त्याच्या जागी हिराबाईबरोबर कुंदा उतरली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा बेबी आली, घरी बापाचं करायला राहिलेली कुंदा आली नाही. मी तिच्या घरी गेलो नाही. त्या वर्षअखेर बदलीचा अर्ज केला आणि तो मंजूर झाला.

आजी-आजोबांच्या तासाला मी गेलो. लहान बाकांच्या मधे मला मोठी खुर्ची ठेवली होती. खिडकीत कपांमधून वालांची रोपं उभी, प्रत्येकावर मुलाच्या नावाची चिठ्ठी. मी पाटी-पेन्सिलीच्या गोष्टी सांगितल्या, होडीतून शाळेत जायचो ते सांगितलं, मुलं हसली. मग तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"आजोबा, तुमच्या वर्गात ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांना तुम्ही काय करायचात?"

तिच्या बाई कौतुकाने हसल्या. सई माझ्याकडे अभिमानाने पाहत होती.

मी म्हटलं, "त्यांना मी जवळ बसवायचो."

टाळ्या वाजल्या. सईने मला तिच्या वालाचं रोप दाखवायला हात धरून नेलं. तिचा हात घामेजलेला, लहान. मला तिथल्या तिथे बसावं लागलं. बाईंनी पाणी आणून दिलं. पासष्टीच्या माणसाने खोटं बोलावं आणि सात-आठ वर्षांच्या पोरांनी त्याला टाळ्या द्याव्यात, हे मला त्या दुपारी पेललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पेणची एसटी धरली. कुंदा कुठे असते हे मला बरीच वर्षं माहीत होतं. माहिती काढून ठेवायची आणि जायचं नाही, असं चाललेलं. ती पेणमध्ये एका गणपतीच्या कारखान्यात घासकाम करते. साच्यातून निघालेल्या मूर्ती कागदाने घासून गुळगुळीत करायच्या, मग त्या रंगाला जातात. एप्रिल म्हणजे तिथे घाईचे दिवस. दारापासून आतपर्यंत पांढऱ्या मूर्तींच्या रांगा, अजून डोळे न काढलेल्या. त्यांच्यामधे चार बायका बसलेल्या. भुवयांपर्यंत पांढरी झालेली एक बाई मान वर करून म्हणाली, "गुरुजी."

तीस-बत्तीस वर्षांनी तिने मला ओळखलं. मी तिला ओळखलं नव्हतं.

बाजूची बाई म्हणाली, "कोन गो ह्ये?"

"माजे गुरुजी. दुसरीचे."

"तू कवा गेल्लीस शालेत?"

"आवशीला जायाची," कुंदा म्हणाली, आणि दोघी हसल्या.

आम्ही कारखान्याबाहेर कट्ट्यावर बसलो. मी जे सांगायला आलो होतो ते सांगितलं. हजेरीचं सांगितलं. जीपचं सांगितलं. विसरलो नव्हतो, हे सांगितलं. ती हातांवरची भुकटी एकेका बोटावरून पुसत ऐकत होती.

"माहीत हाय मला," ती म्हणाली. "खिडकीच्या झडपेला फट व्हती. तुमी गाडीत बसलाव, मागं बघितलाव. मी बेबीला बोल्ली, गुरुजींनी बघितलं, आता येतील."

मग मी विचारलं, "दार उघडलं तेव्हा तू काय बोलणार होतीस?"

"कवा?"

"तोंड उघडलं होतंस. मी मधेच बोललो."

तिने आठवून पाहिलं. "सांगनार व्हती, आमी आवाज नाय केला. येक डाव बेबी रडली तवा मी तिच्या तोंडावर हात ठेवला." मग ती म्हणाली, "वाटलं, तुमी शाबास म्हनाल."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. आत कुणीतरी तिला हाक मारली, तिने "आलू" म्हटलं पण उठली नाही.

मी हात जोडले. ती म्हणाली, "मला नका सांगू गुरुजी, मला ठावंच हाय. माज्या आयेला सांगा. बाबा गेला तवा पन ती माज्याकडं बघून बोल्ली, ह्या पोरीच्या लपंडावानं त्याचा पाय गेला. अजून बोलते. लग्नात बोल्ली, माजी पोर झाली तवा बोल्ली. मी सांगितलं तिला, येक डाव नाय, धा डाव. ती बोलते, गुरुजी कशाला खोटं बोलतील?"

तिच्या शेवटच्या वाक्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

हिराबाई कुंदाजवळच राहते, कारखान्यामागच्या आळीत. कुंदाने तासाभराची सुट्टी मागितली आणि मला घेऊन गेली. ओटीवर एक वाळलेली म्हातारी वाल सोलत बसली होती. मला वाटलं होतं, तिच्याशेजारी बसेन, खालच्या आवाजात सांगेन, पाया पडेन आणि निघेन. कुंदा म्हणाली, "तिला कमी ऐकू येतं. मोठ्यानं बोलाय लागंल."

मी मोठ्याने म्हटलं, "हिराबाई, मी शाळेतला गुरुजी."

"वलखलं," ती म्हणाली. "बसा. कुंदे, च्या ठेव गो."

मी सांगायला लागलो. तिला नीट कळेना. "काय? कोनी लपवली?" मी पुन्हा सांगितलं. शेजारच्या ओटीवरच्या दोन बायका हातातलं काम ठेवून उभ्या राहिल्या. समोरच्या घरातून एकजण दाराशी आला. मी छातीत होती तेवढी हवा घेऊन, वर्गात सांगायचो तसं, एकेक शब्द सुटा करून ओरडलो, "मुलं खेळत नव्हती. मी त्यांना कोंडलं. मी कुंदाला सांगितलं होतं, ओ द्यायची नाही. मला माहीत होतं ती आत आहेत. मी खोटं बोललो."

हिराबाईच्या हातातली शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली.

"पोरीनं ओ दिली नाय, ती तुमी सांगितलं म्हनून?"

"हो."

"आनि मी तिला मारलं, तवा तुमी तितं व्हताव. समोर."

"हो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी मान खाली घातली नाही, तेवढंच मला करता आलं. आत भांड्याचा आवाज झाला. कुंदा चहा घेऊन दारात आली.

हिराबाई तिला म्हणाली, "ठेव गो त्यो खाली. हितं ये, माज्यापाशी बस."

कुंदा बसली. म्हातारीने वालाच्या हिरव्या डागांनी भरलेला हात तिच्या गालावर ठेवला, डाव्या, जिथे तेव्हा मारलं होतं तिथेच, आणि तो काढला नाही. मी उभा होतो.

मग माझ्याकडे न बघता हिराबाई म्हणाली, "तुमी जावा आता, गुरुजी. आमाला बोलायचं हाय."